बर्फावरचा मोठा खेळाडू खुर्चीतही मोठा ठरतो का?

प्रश्न असा आहे: नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळून निवृत्त झालेले खेळाडू पुढे एखाद्या संघाचे जनरल मॅनेजर झाले तर ते काम चांगले करतात का, की ते वकील, एजंट आणि आकडेतज्ज्ञ अशा बाहेरून आलेल्या मंडळींकडेच सोपवावे? हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मैदानी हॉकी येते, म्हणून आधीच सांगतो की येथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. मी टोरोंटोमध्ये खेळाडूंच्या एजंटांसाठी करारांची आणि पगाराच्या लवादाची टिपणे तयार करण्याचे काम अठरा वर्षे करीत आलो आहे. म्हणजे जनरल मॅनेजर नावाचा माणूस मी नेहमी टेबलाच्या पलीकडे बसलेला पाहिला आहे, आणि माझे मत त्या जागेवरून बनलेले आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझे मत असे की, माणूस किती मोठा खेळाडू होता यावरून त्याच्या पुढच्या कामाविषयी फारच थोडे कळते. मात्र स्केट्स उतरवल्यापासून त्या खुर्चीत बसेपर्यंतची वर्षे त्याने कोठे आणि कोणाच्या हाताखाली घालवली, यावरून पुष्कळ कळते.

आधी हे काम काय आहे ते पाहू, कारण पुष्कळ चाहत्यांची कल्पना अशी असते की जनरल मॅनेजर म्हणजे खेळाडू निवडणारा माणूस. निवड हा त्यातला एक भाग झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या पगाराची कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरली. २००५-०६ मध्ये ती लागू झाली तेव्हा ३ कोटी ९० लाख होती. या मर्यादेत २३ खेळाडूंचा संघ बसवायचा, एकूण करार ५० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, दरवर्षी सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, अठरा वर्षांची मुले निवडायची आणि त्यांतली कोणती मुले चोविसाव्या वर्षी कशी असतील याचा अंदाज बांधायचा, आणि शिवाय आज चांगला खेळणारा एकोणतीस वर्षांचा माणूस सात वर्षांचा करार मागत असेल तर त्याची शेवटची तीन वर्षे कोणाच्या बोकांडी बसतील याचा हिशेब आजच मांडायचा. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी पडते. खेळाडू म्हणून घालवलेल्या पंधरा वर्षांत यातले एकही काम माणसाच्या वाट्याला येत नाही. खेळाडूचे घड्याळ आज रात्रीच्या सामन्यापुरते असते आणि तसेच ते असायला हवे. जनरल मॅनेजरचे घड्याळ पाच-सहा वर्षांचे असते.

आता थोडा हिशेब. पगाराची मर्यादा लागू झाल्यापासून २०२५ पर्यंत वीस वेळा स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा चषक, दिला गेला. त्यांपैकी पाच वेळा विजेत्या संघाचा जनरल मॅनेजर हा एनएचएलमध्ये खरोखर कारकीर्द केलेला माणूस होता: कॅरोलिनाचा २००६ चा आणि पिट्सबर्गचे २०१६ व २०१७ चे कप जिम रदरफोर्ड यांचे, वॉशिंग्टनचा २०१८ चा ब्रायन मक्लेलन यांचा आणि कोलोरॅडोचा २०२२ चा जो सॅकिक यांचा. २००८ मध्ये डेट्रॉइटला कप मिळवून देणारे केन हॉलंड गोलकीपर होते खरे, पण एनएचएलमध्ये ते अवघे चार सामने खेळले. त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचे ते ज्याने त्याने ठरवावे. उरलेले चौदा कप एनएचएलमध्ये एकही सामना न खेळलेल्यांनी जिंकले. त्यांत वकील आहेत, एजंट आहेत, आणि महाविद्यालयीन किंवा कनिष्ठ हॉकीतून वर आलेली माणसे आहेत. जुन्या काळातही चित्र फार वेगळे नव्हते: माँट्रियलला १९६४ ते १९७८ या काळात नऊ कप मिळवून देणारे सॅम पोलॉक आणि न्यू जर्सीला तीन कप मिळवून देणारे लू लॅमोरिएलो, हे दोघेही एनएचएलच्या बर्फावर खेळाडू म्हणून कधी उतरले नाहीत.

हा आकडा ऐकून प्रश्न निकाली निघाला असे वाटेल, पण मी स्वतः अशा आकड्यांवर जगणारा माणूस असल्यामुळे त्यांच्यातली खोट मला सांगितली पाहिजे. कपावर ज्याचे नाव कोरले जाते त्यानेच संघ बांधलेला असतो असे नाही. डेल टॅलन यांचे उदाहरण घ्या. हे जुने बचावपटू, ६४२ सामने खेळलेले. १९७० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेलेले. शिकागोचे जनरल मॅनेजर असताना त्यांनी २००६ मध्ये जोनाथन टेव्ह्झ आणि २००७ मध्ये पॅट्रिक केन यांना निवडले, २००९ च्या जुलैत मारियान होसाला करारबद्ध केले, आणि त्याच महिन्यात त्यांना खुर्चीवरून उतरवण्यात आले. पुढच्या वर्षी शिकागोने कप जिंकला तेव्हा खुर्चीत स्टॅन बोमन होते. पुढे टॅलन फ्लोरिडाला गेले, तेथे त्यांनी २०१३ मध्ये अलेक्झांडर बार्कोव्ह आणि २०१४ मध्ये आरन एकब्लाड यांना निवडले, २०१९ मध्ये गोलकीपर बोब्रोव्स्कीला आणले, आणि २०२० मध्ये तेथूनही ते गेले. फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५ चे कप बिल झिटो यांच्या नावावर जिंकले. झिटो यांचे श्रेय मी कमी करीत नाही, कारण मॅथ्यू टकाचक, सॅम राइनहार्ट आणि सॅम बेनेट यांना आणणे आणि इतर संघाने सोडून दिलेला गुस्ताव फॉर्सलिंग उचलणे ही त्यांचीच कामे. परंतु दोन्ही ठिकाणी पाया टॅलन यांनी घातला आणि कळस दुसऱ्यांनी चढवला, हे खरे आहे.

टॅलन यांना शिकागोत खाली का उतरवले, तेही पाहण्यासारखे आहे. त्या उन्हाळ्यात संघाच्या काही तरुण खेळाडूंना ठरावीक मुदतीत पाठवायचे करार-प्रस्ताव वेळेत पोहोचले नाहीत, खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली, आणि ते खेळाडू हातचे जाऊ नयेत म्हणून संघाला त्यांच्याशी घाईने, चढ्या दराने करार करावे लागले. टॅलन यांच्या जाण्यामागे एवढे एकच कारण होते असे कोणी म्हणत नाही, पण अठरा वर्षांच्या मुलात भावी विजेता ओळखणारी नजर आणि तारखेवर लक्ष ठेवणारा कारकुनी काटेकोरपणा ही दोन निराळी कौशल्ये आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पहिले कौशल्य खेळण्यातून अंगी येऊ शकते. दुसरे येत नाही.

एकाच संघाच्या इतिहासात ही सगळी माणसे ओळीने पाहायची असतील तर डॅलस स्टार्सकडे पाहावे. माझ्या दृष्टीने या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे.

डॅलसने आजवरचा आपला एकमेव कप १९९९ मध्ये जिंकला. तो संघ बांधणारे बॉब गेनी हे खेळाडू म्हणून माँट्रियलकडून पाच कप जिंकलेले, बचाव करणाऱ्या आघाडीपटूला दिला जाणारा पुरस्कार सलग चार वर्षे मिळवलेले गृहस्थ. १९८९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते एक हंगाम फ्रान्समध्ये एका छोट्या संघात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत राहिले, मग मिनेसोटाचे प्रशिक्षक झाले, आणि १९९२ पासून त्याच संघाचे जनरल मॅनेजर. पुढच्या वर्षी तो संघ डॅलसला हलला. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांनी जरोम इगिन्ला या अठरा वर्षांच्या मुलाला देऊन कॅल्गरीकडून जो न्यूएनडाइकला घेतले. इगिन्ला पुढे सहाशेहून अधिक गोल करणारा खेळाडू झाला, आणि तरीही मी हा व्यवहार चुकीचा मानत नाही, कारण १९९९ च्या प्लेऑफमधील, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधील, सर्वोत्तम खेळाडूचा मान न्यूएनडाइकने मिळवला आणि कप डॅलसला आला. १९९८ मध्ये गेनी यांनी ब्रेट हलला करारबद्ध केले, आणि अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात बफेलोविरुद्ध तिसऱ्या जादा वेळेत निर्णायक गोल हलनेच केला. (त्या गोलच्या वेळी हलचा स्केट गोलपुढच्या निळ्या चौकटीत होता की नाही, यावर बफेलोत आजही वाद घालणारे भेटतात.)

गेनी यांच्यानंतर २००२ मध्ये त्यांचे सहायक डग आर्मस्ट्राँग आले. आर्मस्ट्राँग एनएचएलमध्ये कधी खेळले नाहीत. त्यांचे वडील नावाजलेले लाइन्समन होते. नोव्हेंबर २००७ मध्ये मालकांनी त्यांना काढले आणि त्यांच्या जागी दोघांना एकत्र बसवले: एक अनुभवी स्काउट, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणारा, लेस जॅक्सन, आणि दुसरा, १९९९ च्या गोलचा नायक ब्रेट हल. हलच्या नावावर ७४१ गोल होते, पण त्याला निवृत्त होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पहिल्या हंगामात संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. ब्रॅड रिचर्ड्सला टॅम्पाकडून आणण्याचे श्रेय या जोडीला दिलेच पाहिजे, पण बाकीचा संघ आर्मस्ट्राँग यांनी बांधलेला होता. मग २००८ च्या उन्हाळ्यात शॉन अव्हेरीला चार वर्षांसाठी १ कोटी ५५ लाख डॉलरचा करार देण्यात आला. अव्हेरी आणि हल डेट्रॉइटमध्ये एकत्र खेळलेले होते. डिसेंबर उजाडेपर्यंत अव्हेरीने एका बेताल वक्तव्यापायी लीगकडून बंदी ओढवून घेतली होती, आणि डॅलसच्या पोशाखात तो पुन्हा कधी खेळला नाही. संघ प्लेऑफबाहेर राहिला. जुन्या सोबत्यावर विश्वास टाकणे हा माणसाचा गुण आहे. पण त्या विश्वासाची किंमत पगाराच्या मर्यादेतून वजा होते.

२००९ मध्ये मालकांनी त्याच विजेत्या संघातला दुसरा नायक निवडला, न्यूएनडाइक. ५६४ गोल, अत्यंत सभ्य माणूस, आणि अडीच-तीन वर्षांची सल्लागाराची उमेदवारी. त्याच्या चार हंगामांत डॅलस एकदाही प्लेऑफमध्ये गेले नाही. येथे न्याय करताना सांगितले पाहिजे की मालक टॉम हिक्स त्या काळात आर्थिक अडचणीत होते, २०११ मध्ये संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून विकला गेला, आणि तोवर न्यूएनडाइकला खर्चाला मोकळीक नव्हती. तरीही जेम्स नील आणि मॅट निस्कानेन या दोघांना देऊन एकटा अॅलेक्स गोलिगोस्की घेण्याचा फेब्रुवारी २०११ चा व्यवहार पैशांच्या टंचाईने समजावून सांगता येत नाही. उलट, ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत निवडलेला जॉन क्लिंगबर्ग हे त्याच काळाचे देणे आहे, म्हणजे ती चार वर्षे अगदीच कोरडी गेली असेही नाही.

आणि मग २०१३ मध्ये जिम निल आले. निल हेही माजी खेळाडूच: पाच संघांतून ५२४ सामने, पण कोणी भिंतीवर चित्र लावावे असा खेळाडू नव्हे. १९९१ मध्ये खेळ थांबवल्यावर त्यांनी आधी ओटावासाठी स्काउट म्हणून काम केले, आणि १९९४ पासून एकोणीस वर्षे ते डेट्रॉइटमध्ये होते, त्यांतला बहुतेक काळ केन हॉलंड यांच्या हाताखाली. डॅलसला आल्यावर तीनच महिन्यांत त्यांनी बोस्टनकडून टायलर सेगिनला आणले. २०१७ च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांनी मिरो हेइस्कानेन, गोलकीपर जेक ऑटिंजर आणि जेसन रॉबर्टसन हे तिघे उचलले. त्यांतला रॉबर्टसन तर ३९ व्या क्रमांकावर होता. संघ २०२० मध्ये अंतिम फेरीत आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षे विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला, आणि त्या तिन्ही वर्षांचा सर्वोत्तम जनरल मॅनेजरचा पुरस्कार निल यांना मिळाला. कप मात्र त्यांना अजून मिळालेला नाही. डॅलसने ज्यांना काढले ते आर्मस्ट्राँग मात्र सेंट लुईसला गेले आणि २०१९ मध्ये कप जिंकून मोकळे झाले.

या पाच माणसांकडे ओळीने पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते. हल आणि न्यूएनडाइक यांना त्या शहराच्या आठवणींनी निवडले होते. तिकिटे विकणाऱ्या खात्याला ती निवड फार सोयीची असते. निल यांना कामाने निवडले होते. म्हणून ‘मोठे खेळाडू अपयशी ठरतात’ असे म्हणताना आपण बऱ्याच वेळा खेळाडूंना नव्हे, तर मालकांच्या निवडीच्या कारणांना नापास करीत असतो. सामान्य कुवतीच्या खेळाडूला कोणी नावासाठी खुर्ची देत नाही, त्याला ती मिळवायला पंधरा वर्षे घासावे लागते, आणि त्या घासण्यातच तो तयार होतो. मक्लेलन ६०६ सामने खेळल्यावर व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेऊन गुंतवणूक सल्लागाराचे काम करीत होते, २००० मध्ये वॉशिंग्टनचे स्काउट झाले, आणि चौदा वर्षांनी जनरल मॅनेजर. रदरफोर्ड यांनी आधी कनिष्ठ गटाचा विंडसरचा संघ सांभाळला आणि मग दहा वर्षांनी एनएचएल गाठली. हॉलंड यांनी पश्चिम कॅनडात गाडी चालवत, थंडगार रिंकांवर सतरा वर्षांच्या मुलांचे सामने पाहत सुरुवात केली. राखीव गोलकीपर म्हणून बाकावरून पाहिलेला खेळ, बसचे प्रवास, छोट्या गावांतले हंगाम, हे सगळे पुढे उपयोगी पडते असे माझे निरीक्षण आहे. ज्याला स्वतःला संघातून वगळले गेले आहे, त्याला संघ कसा निवडतात हे अधिक नेमके कळते.

महान खेळाडू कधीच जमत नाहीत, असा याचा अर्थ नाही. स्टीव्ह आयझरमन डेट्रॉइटचे बावीस हंगामांचे नायक, आणि २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर डेट्रॉइटची खुर्ची मागितली असती तर शहराने ती दिली असती. त्यांनी ती मागितली नाही. चार वर्षे ते हॉलंड यांच्या कार्यालयात बसले, कॅनडाच्या ऑलिंपिक संघाची जबाबदारी घेऊन २०१० चे सुवर्णपदक मिळवले, आणि त्यानंतरच टॅम्पाला गेले. तेथे त्यांनी निवडलेल्या मुलांत निकिता कुचेरोव्ह ५८ व्या, वासिलेव्हस्की १९ व्या आणि ब्रेडन पॉइंट ७९ व्या क्रमांकावर होते. पण मला त्यांच्या निवडीहून त्यांचा नकार अधिक शिकवून जातो. २०१४ च्या ऑलिंपिक संघातून त्यांनी आपल्याच संघाचा कर्णधार मार्टिन सँ-लुई याला आधी वगळले. पुढे निवडलेला खेळाडू स्टॅमकोस जायबंदी झाल्यामुळे सँ-लुईला घेतले, तरी त्याने दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली आणि तो न्यूयॉर्कला गेला. २०१६ मध्ये जोनाथन द्रुएँ हा तरुण खेळाडू दुय्यम संघात जायला नकार देऊन घरी बसला आणि बदली मागू लागला. सगळीकडून दबाव असताना आयझरमन यांनी त्याला पडेल भावात विकले नाही. तो परतला, चांगला खेळला, आणि जून २०१७ मध्ये त्याच्या बदल्यात माँट्रियलकडून मिखाइल सेर्गाचोव्ह मिळाला, जो २०२० आणि २०२१ च्या दोन्ही विजेत्या संघांत होता. ते दोन्ही कप जुलियन ब्रिझब्वा यांच्या नावावर आहेत. ब्रिझब्वा वकील, हॉकी न खेळलेले. पण आठ वर्षे आयझरमन यांचे सहायक म्हणून टॅम्पाचा दुय्यम संघ चालवलेले. उमेदवारीचा नियम वकिलालाही सुटत नाही.

तेच आयझरमन २०१९ मध्ये डेट्रॉइटला परतले, आणि त्यानंतरच्या पहिल्या सहा हंगामांत संघ प्लेऑफमध्ये पोहोचला नाही. माणूस तोच, कारकीर्द तीच, हात तेच. टॅम्पात त्यांना स्टॅमकोस आणि हेडमन तयार मिळाले होते. डेट्रॉइटला ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक एकदाही लागला नाही. ‘माजी खेळाडू चांगला जनरल मॅनेजर होतो का’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्याने या एका माणसाचे दोन निकाल आधी समजावून सांगावेत.

सॅकिक यांच्याविषयी थोडेच सांगतो. त्यांची उमेदवारी लहान होती, दोन-तीन वर्षांची, आणि सुरुवात डळमळीत झाली. २०१६-१७ मध्ये कोलोरॅडोला ८२ सामन्यांत फक्त ४८ गुण मिळाले. एखाद्या परक्या माणसाची त्या उन्हाळ्यात गठडी वळली गेली असती. सॅकिक राहिले, कारण ते सॅकिक होते. मॅट डुशेन या खेळाडूला त्यांनी दुसऱ्या संघाला घाईने न देता नोव्हेंबर २०१७ पर्यंत ताणून धरले, त्या व्यवहारातून सॅम्युएल जिरार्ड आला आणि ओटावाचा जो ड्राफ्ट क्रमांक मिळाला त्यावर बोवेन बायरम निवडला गेला, आणि २०२२ मध्ये कप आला. मोठ्या नावाचा मला दिसलेला खरा फायदा हाच आहे: मालक थांबतो.

टेबलाच्या अलीकडून पाहताना माजी खेळाडू कोठे सरस ठरतात, हेही सांगितले पाहिजे. एका बचावपटूच्या करारासाठी आम्ही उत्तम तुलना-तक्ते घेऊन गेलो होतो. समोरचा जनरल मॅनेजर जुना बचावपटू होता. त्याने तक्ते बाजूला सरकवले आणि म्हणाला की, दुखापतीनंतर हा मुलगा कोपऱ्यात पक, म्हणजे खेळातली चकती, घ्यायला जाताना मान वळवून मागे पाहत नाही, त्याला धडकेची भीती बसली आहे. आम्ही मागाहून चित्रफिती काढून पाहिल्या तेव्हा ते अक्षरशः खरे निघाले, आणि आमच्या एकाही रकान्यात ते नव्हते. पण त्याच गृहस्थांनी पुढच्या उन्हाळ्यात तेहतीस वर्षांच्या एका दणकट, हळू झालेल्या बचावपटूला लांबलचक करार दिला, आणि तो खेळाडू हुबेहूब त्यांच्याच घडणीचा होता. स्वतःचे प्रतिबिंब महाग पडते. हा दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की माजी खेळाडू समोर असेल तर आमचा खेळाडू त्याच्यासारखाच कसा खेळतो हे टिपणात वर आणायचे, ही आमची जुनी युक्ती आहे.

माजी खेळाडू खेळाडूंशी मऊ वागतात, हा समज मात्र सोडून द्यावा. लवादाच्या सुनावणीत खेळाडू स्वतः बसलेला असतो आणि संघाची बाजू त्याच्यासमोर त्याचे दोष वाचून दाखवते. निकाल ४८ तासांत येतो, पण ऐकलेले शब्द अनेक वर्षे राहतात. न्यूयॉर्क आयलँडर्सचे माइक मिलबरी, बोस्टनचे जुने बचावपटू, यांच्या बाजूने झालेली मांडणी ऐकून गोलकीपर टॉमी सालो रडला, ही गोष्ट आमच्या व्यवसायात अजून सांगितली जाते. मिलबरी यांच्याकडे प्रशिक्षकपदाची उमेदवारीही होती, तरी २००० मध्ये त्यांनी रॉबर्टो लुओंगोला सोडले आणि २००१ मध्ये अलेक्सी याशिनसाठी झेडेनो चारा आणि ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक देऊन टाकला, ज्यावर ओटावाने जेसन स्पेझाला निवडले. वर याशिनला दहा वर्षांचा ८ कोटी ७५ लाखांचा करार मिळाला. म्हणजे उमेदवारी कसली, हेही महत्त्वाचे. प्रशिक्षकही आज रात्रीच्या सामन्याचाच विचार करतो. स्काउट पुढच्या पाच वर्षांचा करतो.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे उदाहरण बॉबी क्लार्क यांचे आहे. १९८४ मध्ये ते निवृत्त होताच फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर झाले, आणि संघ १९८५ व १९८७ मध्ये अंतिम फेरीत गेला. तो काळ २१ संघांचा आणि पगाराच्या मर्यादेपूर्वीचा होता, संघही तयार हाती आला होता. आजच्या व्यवस्थेत ती वाट कितपत चालेल याविषयी मला शंका आहे. २००६ मध्ये आयलँडर्सने राखीव गोलकीपर गार्थ स्नो यांना थेट जाळ्यापुढून उचलून खुर्चीत बसवले. ते २०१८ पर्यंत राहिले, जॉन टवारेस निवडला, आणि अखेर तोच टवारेस संघाला काहीही न मिळता टोरोंटोला निघून गेला.

दुसऱ्या बाजूचेही पाय मातीचेच आहेत. हार्वर्डमध्ये खेळलेले वकील पीटर शिआरेली यांनी बोस्टनला २०११ चा कप मिळवून दिला आणि मग एडमंटनला जाऊन २०१६ मध्ये टेलर हॉल देऊन अॅडम लार्सन घेतला. दोन वर्षांत हॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अॅरिझोनाने सव्वीस वर्षांच्या आकडेतज्ज्ञाला, जॉन चायका यांना, खुर्ची दिली, आणि पुढे ड्राफ्टपूर्वी मुलांच्या नियमबाह्य चाचण्या घेतल्याबद्दल लीगने त्या संघाचे दोन ड्राफ्ट क्रमांक काढून घेतले. कॅरोलिनाने २०२४ मध्ये रसायनशास्त्रातले डॉक्टर एरिक टल्स्की यांना जनरल मॅनेजर केले तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या पदवीकडे बोट दाखवले; मी मात्र त्याआधी त्यांनी त्याच संघात किती वर्षे काढली ते पाहिले. जवळजवळ दहा.

म्हणून एखाद्या मालकाने मला विचारलेच, तर उमेदवाराचे गोल मी पाहणार नाही. त्याने निवृत्तीनंतर फेब्रुवारीच्या थंडीत कोणत्या गावांतल्या रिंका पाहिल्या, एखाद्या करारावर सही होण्याआधी विरुद्ध मत लेखी दिले होते का, जुन्या सोबत्याला नोकरी नाकारल्याचा प्रसंग सांगता येतो का, आणि १ जुलैला करारांचा बाजार उघडतो त्या दिवशी हात बांधून बसणे त्याला जमले आहे का, एवढेच विचारीन. आणि मग प्रस्तावांच्या मुदतीची तारीख त्याला तोंडपाठ आहे का, तेही.